अर्ध्या कोयत्याची वही

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई अशा तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊस तोडायला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, बौद्ध आहेत, मातंगही आहेत. पण निघण्याच्या कितीतरी आधी मुकादमाच्या वहीत एक नोंद झालेली असते. त्या वहीत माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता.

या हिशेबाची भाषा नीट ऐकली पाहिजे. उचल घेतो नवरा, वहीत नाव लागते नवऱ्याचे, ती उचल फिटते मात्र दोघांच्या घामाने. पहाटे अंधारात उठून चूल पेटवणारी, भाकरी थापणारी, लेकराला पाजणारी, मग दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी आणि रात्री खोपीत परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसणारी ही बाई वहीत कुठेच नसते. आजारपणाने एक दिवस पडला तर खाडा मात्र तिच्या कष्टाच्या पैशांतून कापला जातो. म्हणजे दंड भरताना ती पूर्ण असते आणि हिशेब मांडताना अर्धी!

ही बाई महाराष्ट्राला एकदाच मोठ्या प्रमाणावर दिसली, ती २०१९ साली. बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये काढली जात आहेत, ही बातमी वृत्तपत्रांतून आली आणि देशभर खळबळ उडाली. गावात याला कोणी वैद्यकीय नाव देत नाही. ‘पिशवी काढली’ एवढेच म्हणतात. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक! खासगी रुग्णालयाने अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक जिल्ह्यात घातला गेला. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले. हे सर्व आवश्यकच होते. त्याचे श्रेय ज्या कार्यकर्त्यांना आणि पत्रकारांना आहे ते त्यांना दिलेच पाहिजे.

पण या आकड्याला एक प्रश्न विचारून पाहा. पिशवी काढण्याचा निर्णय कोणी घेतला? डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली हे खरे. पण त्या भीतीला होकार कोणी दिला? नवऱ्याने, सासूने, की उचल देणाऱ्या मुकादमाच्या धाकाने? शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवशी तिने पुन्हा मोळी उचलली? तेवढे दिवस भाकरी कोणी केली? आणि तिचे म्हणणे काय होते? १३,८६१ हा आकडा या प्रश्नांपुढे मुका होतो. आकडा अन्याय किती मोठा हे सांगतो, पण तो घरात कसा घडतो हे सांगत नाही. ते फक्त तीच सांगू शकते. म्हणूनच आजच्या लेखाचा विषय स्त्रियांचे आत्मलेखन हा आहे. हा विषय साहित्य संमेलनाच्या मंडपातला नाही. तो बीडच्या खोपीतला आहे.

सत्याला धरून सांगायचे तर या परंपरेचा उगम आपल्याकडेच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्मग्रंथ जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्माबाहेरचेच ठरतो, असा रोखठोक युक्तिवाद त्या मुलीने केला. पण या निबंधातली दुसरी एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. आपल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होतात आणि त्यांचे काय हाल होतात, हे तिने लिहिले. पेशवाईच्या अन्यायाविषयी बोलताना बाळंतिणीचे अंगण आठवावे, हे एका मुलीलाच सुचले. आज १७० वर्षांनंतर उसाच्या फडाजवळ पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपीत बाळंत होणारी बाई आहेच. मुक्ताचा निबंध जुना झालेला नाही, हे आपल्या प्रगतीवरचे भाष्य आहे.

मुक्तानंतर २७ वर्षांनी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सत्यशोधक विचारांच्या घरातली ही स्त्री. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेच्या खटल्यावरून स्त्रियांवर जी चिखलफेक चालली होती तिला त्यांनी उत्तर दिले. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्यांनी उचलला आणि तो पुरुषांत किती पटीने आहे हे दाखवले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. हे आपण लक्षात ठेवावे. बाई लिहिते तेव्हा चळवळीतल्या पुरुषाने काय करावयाचे असते, याचा वस्तुपाठ जोतीरावांनी तेव्हाच घालून दिला आहे.

आता कोणी म्हणेल, या तर पुण्याच्या आणि विदर्भाच्या गोष्टी झाल्या. आमच्या बीडच्या बाईला अक्षरओळखच नव्हती, तिने काय लिहावे? याचे उत्तर माजलगावच्या भीमनगरात मिळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली ते माजलगावला आले तेव्हा राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या शेजारणींनी बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, बुद्धावरच्या ओव्या गायल्या. त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि पुढे २०१७ पासून जगासमोर आल्या. या बायकांच्या हातात लेखणी नव्हती, खुंटा होता. पण पहाटे घरातली पुरुष मंडळी झोपेत असताना, दोन जात्यांच्या घरघरीत, त्या आपले म्हणणे मांडत होत्या. जात्याची ओवी म्हणजे बाईचे पहिले आत्मकथनच होय.

त्या ओवीत काय घडले हे पाहण्यासारखे आहे. जुन्या ओवीत बाई गाते ती भावाला, बापाला, नवऱ्याला, मुलाला. तिचे जग नात्यांच्या उंबऱ्याआत असते. भीमाच्या ओवीत तिने त्या जागी भीमराव आणून बसवला. ज्याला तिने कदाचित कधी पाहिलेही नाही अशा माणसाशी तिने स्वतःहून नाते जोडले. हे नाते तिला बापाने लावून दिलेले नव्हते, नवऱ्याने सांगितलेले नव्हते. ती तिची निवड होती. दळणाऱ्या बाईने राजकीय भूमिका घेतली ती अशी. कुठल्याही पक्षाने तिची दखल घेण्याआधी तिने बाबासाहेबांची बाजू घेतलेली होती!

ओवीकडून वहीकडे यायला मात्र फार वर्षे लागली. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याचा पाया हादरवला. त्या पुस्तकांत आई ठळक दिसते. कष्टाळू, उपाशी राहून पोराला शिकवणारी. पण बायकोचे स्वतःचे म्हणणे त्यांत क्वचितच ऐकू येते. ते ऐकू आले बायकांनी स्वतः लिहिले तेव्हा. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ चे. मुक्ता सर्वगौड यांचे ‘मिटलेली कवाडे’ १९८३ चे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तकरूपाने १९८६ साली आली. २००३ साली ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ आले. ही नावे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने घेतो. घ्यायलाच हवीत. पण ही पुस्तके आपण पूर्ण वाचली आहेत काय?

बेबीताईंची गोष्ट पाहू. फलटणला त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत. लिहून झाले की लपवून ठेवत. एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ वीस वर्षे ते लिखाण त्यांनी घरातल्यांच्या नजरेआड ठेवले. मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक बाईंना ते कळले, त्यांनी प्रोत्साहन दिले, आणि १९८२ पासून ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापून आले. आता प्रश्न असा की बेबीताईंनी वही लपवली कोणापासून? गावच्या पाटलापासून नाही. ब्राह्मणवाड्यापासून नाही. त्यांनी ती लपवली स्वतःच्या घरापासून. बाबासाहेबांच्या विचाराने भारलेल्या घरापासून!

‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्याचे दारिद्र्य आहे, अंधश्रद्धा आहे आणि बाबासाहेबांच्या हाकेने झालेला कायापालटही आहे. पण त्याच पुस्तकात सासूने सुनेचा केलेला छळ आहे, संशयावरून बाईचे नाक कापण्याचे क्रौर्य आहे. आणि जे पुस्तकातही नाही ते पुढे बाहेर आले. २००८ साली या पुस्तकाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की नवऱ्याचा संशय आणि मार त्यांच्याही वाट्याला आला होता. पुस्तकात हे का नाही? तर त्यांना समाजाची कहाणी सांगायची होती, स्वतःची नव्हे. समाजासाठी बाईने आपले दुःख बाजूला ठेवले. ही त्यांची थोरवी आहे. पण ज्या समाजासाठी तिला ते बाजूला ठेवावे लागले, त्या समाजाने यावर फक्त अभिमान बाळगून चालेल काय?

शांताबाई कांबळे पेशाने शिक्षिका. नवऱ्याने दुसरे लग्न केले तेव्हा त्यांनी रडत कोपऱ्यात बसणे नाकारले, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि निवृत्तीनंतर ते सारे लिहून ठेवले. ऊर्मिला पवार यांनी तर सभा, संघटना, शिक्षण यासाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईला घरात काय ऐकून घ्यावे लागते, हे नवऱ्यासंबंधीसुद्धा हातचे न राखता लिहिले. व्यासपीठावर समतेचे भाषण करणारा पुरुष घरी आल्यावर चहा कोणी करावा याविषयी मात्र मनूच्याच कायद्याने चालतो, हे अशा लेखनातून कळते. ते कोणत्याही सैद्धांतिक ग्रंथातून इतके स्पष्ट कळत नाही.

आत्मलेखनाची ताकद याच ठिकाणी आहे. ‘स्त्री-पुरुष समान आहेत’ हे वाक्य कोणीही मान्य करतो, कारण त्यात कोणाचेच घर नसते. पण ‘मी आजारी असताना त्या दिवशी भाकरी कोणी केली नाही’ हे वाक्य ऐकले की ऐकणाऱ्याला आपले घर आठवते. वाद घालता येत नाही. भूमिकेला भूमिकेने उत्तर देता येते, अनुभवाला उत्तर द्यायचे तर स्वतःच्या वागण्याचाच हिशेब द्यावा लागतो. बाईचे काम, बाईची जात, बाईचा स्वभाव असे जे काही नैसर्गिक म्हणून आपल्या गळी उतरवलेले असते, ते कोणी, कधी आणि कोणाच्या सोयीसाठी लादले हे तिच्या गोष्टीतून उघडे पडते. म्हणूनच या लेखनाची भीती वाटते, आणि म्हणूनच ते लपवावे लागते.

यावर चळवळीतलेच काही मित्र एक आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की घरातली भांडणे चव्हाट्यावर आणली तर मनुवाद्यांच्या हाती कोलीत मिळते. आधी जातीचा प्रश्न सोडवू, घरातले नंतर पाहू. आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिकपणेच उत्तर दिले पाहिजे. उच्चवर्णीय वाचकांनी दलित स्त्रियांची आत्मकथने अनेकदा केवळ हळहळण्यासाठी वाचली, आणि त्यांच्या पुरुषांना हिणवण्यासाठी वापरली, हे खरे आहे. त्यापासून सावध राहिलेच पाहिजे. पण त्यावरचा उपाय बाईने गप्प बसणे हा नाही. आपण ते पान आधी वाचणे आणि आधी सुधारणे हा आहे. जे आपण स्वतःहून मान्य केले त्याचे कोलीत दुसऱ्याला करता येत नाही.

आणि ‘आधी जात, मग घर’ ही विभागणी बाबासाहेबांनी कधी केली? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात कामकरी स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. महाडचा सत्याग्रह होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. म्हणजे पाण्याचा लढा आणि बाळंतिणीचा लढा ते एकाच वेळी लढत होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. स्त्रियांची किती प्रगती झाली यावरून आपण समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, आणि बायको ही नवऱ्याची गुलाम नसून मैत्रीण आहे हेही बजावले. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरीही त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी घराचा प्रश्न नंतरसाठी ठेवावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

या मापाने बीड मोजून पाहिले तर मान खाली जाते. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या. हा राज्यातला नीचांक होता. २०१२ साली परळीच्या गर्भपात प्रकरणाने याच जिल्ह्याचे नाव देशभर गेले. मुलगी पोटात नको, आणि पोटच नको म्हणून पिशवीही नको! जन्माआधी ती हिशेबात तोट्याची, आणि जन्मल्यावर अर्धा कोयता. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच विचार आहे. बाईचे शरीर हे तिचे नाही, ते घराच्या, टोळीच्या, कारखान्याच्या कामाचे साधन आहे. या विचाराला कोणतीही एक जात अपवाद नाही.

तेव्हा करावयाचे काय? बीडमध्ये ऊसतोड स्त्रियांच्या संघटना उभ्या राहत आहेत. मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे फडावर जाऊन काम करीत आहेत. कोयत्यात बाईचे नाव स्वतंत्र लागावे, तिची मजुरी तिच्या हाती यावी, बाळंतपणाची रजा आणि दवाखाना तिला मिळावा, या मागण्यांसाठी लढावेच लागेल. १९२९ साली मुंबई प्रांतात झालेला प्रसूतीचा कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. आज साखर कारखान्याला ऊस पुरवणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, म्हणून त्या रजेच्या आसपासही फिरकू शकत नाही. पण या लढ्यासोबत आणखी एक साधे काम आहे आणि त्यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

मुकादमाकडे एक वही असते. दवाखान्यात एक कागद असतो. पाहणी करणाऱ्याकडे एक तक्ता असतो. तिच्याविषयीची सारी कागदपत्रे दुसऱ्याच्या हातात आहेत. तिची स्वतःची वही हवी. आज किती मोळ्या बांधल्या, किती खाडे लावले, पोटात केव्हापासून दुखते, डॉक्टर काय म्हणाला, घरात कोणी काय ठरवले, हे तिच्या शब्दांत लिहिलेले असावे. तिला लिहिता येत नसेल तर सातवी-आठवी शिकलेली तिची लेक लिहील. तेही जमत नसेल तर बहुतेक घरांत आता मोबाईल आहे, त्यात ती बोलेल. माजलगावच्या बायकांनी कोणाची परवानगी घेऊन ओव्या गायल्या नव्हत्या. अशी वही उद्या हिशेबाच्या भांडणात उपयोगी पडेल. डॉक्टरला जाब विचारताना उपयोगी पडेल. आणि घरातल्या माणसाला वाचून दाखवली तर तिथेही उपयोगी पडेल. एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ती वही तिची आहे. तिच्या संमतीवाचून तिचे नाव, गाव, दुखणे कोणी छापू नये, आपल्या वृत्तपत्रानेसुद्धा नाही.

आपल्या विहारांत दर पौर्णिमेला माणसे जमतात. जयंतीच्या मंडपात बायका सर्वांत पुढे बसतात, पण माईक क्वचितच त्यांच्या हाती येतो. पट्टा पडल्यावर, टोळ्या गावी परतल्यावर, एखाद्या पौर्णिमेला विहारात अशा वह्यांचे वाचन का ठेवू नये? वक्ता नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. तिने वाचावे किंवा बोलावे आणि पुरुषांनी मध्ये न बोलता ऐकावे. ऐकून झाल्यावर खुलासा देण्याची घाईही करू नये. ही शिस्त आपल्याला अवघड जाईल, पण ती धम्माला धरून आहे.

बेबीताईंनी वीस वर्षे वही लपवली. बीडच्या खोपीतल्या बाईला तिची वही लपवावी लागणार की नाही, हे तिच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.